चावी जड होती म्हणे!

चालती गाडी एकदम बंद पडते, अशी तक्रार घेऊन बाई गॅरेजमध्ये गेली की गाडीच्या आधी तिचीच तपासणी सुरू होते. चावी नीट फिरवली होती का? गुडघा लागला असेल. जुडग्यात एवढ्या किल्ल्या कशाला अडकवल्यात? गाडी शिकून किती दिवस झाले? मिस्टरांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो. स्कूटर किंवा गाडी चालवणाऱ्या आपल्यातल्या कुणालाही हे प्रश्न नवे नाहीत. गॅरेजवाल्याचा आडमुठेपणा म्हणून आपण ते सोडून देतो. पण हीच भाषा जगातली एक बलाढ्य मोटार कंपनी आपल्या अधिकृत कागदावर लिहिते आणि त्या कागदाआड शंभरावर माणसं मरतात, तेव्हा तो एका माणसाचा आडमुठेपणा राहत नाही. म्हणून ही हकिगत आपण बायकांनी मुळापासून समजून घ्यायला हवी.

डिसेंबर २००५ मध्ये जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने आपल्या डीलरांना एक सूचनापत्र पाठवलं. शेवरले कोबाल्ट, सॅटर्न आयन या स्वस्तातल्या छोट्या गाड्या आणि पॉन्टिॲक सोल्स्टिस ही दोन सीटांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार, अशा काही गाड्यांबद्दल ते होतं. चावीचा स्विच फारच हलका फिरत असल्यामुळे चालकाकडून गाडी नकळत बंद होऊ शकते, असं त्यात म्हटलं होतं. पुढे लिहिलं होतं की चालक बुटका असेल आणि चावीला मोठं किंवा जड जुडगं असेल, तर असं होण्याची शक्यता जास्त. उपाय काय? तर ग्राहकाला सांगा, चावीवरच्या अनावश्यक वस्तू काढून टाका.

त्या कागदावर 'बाई' हा शब्द कुठेही नाही. पण बुटके चालक बहुसंख्येने कोण असतात? घराच्या, कामाच्या जागेच्या, म्हाताऱ्या आईच्या खोलीच्या किल्ल्या एकाच जुडग्यात घालून कोण वावरतं? कंपनीने स्विचमधला दोष ओळखला होता आणि तो चालकाच्या उंचीवर आणि पर्समधल्या किल्ल्यांवर नेऊन टाकला होता.

दोष नेमका काय होता?

यात फार अवघड यंत्रशास्त्र नाही. चावी ज्या स्विचमध्ये फिरते त्याच्या आत एक छोटी स्प्रिंग आणि एक खिट्टी असते. चावी 'चालू'वर आली की ही खिट्टी खाचेत बसते आणि चावीला तिथे धरून ठेवते. या गाड्यांमधल्या स्विचची स्प्रिंग आखूड आणि कमजोर होती. रस्त्यातला खड्डा, गुडघ्याचा धक्का किंवा जुडग्याचा झोका एवढ्यानेही चावी 'चालू'वरून मागे सरके आणि गाडीचा मुख्य वीजपुरवठा तुटे. इंजिन बंद. स्टिअरिंगला आणि ब्रेकला मिळणारी यंत्राची मदत बंद. आणि सगळ्यात घातक म्हणजे एअरबॅगची वीज बंद. गाडी जाऊन आपटली तरी ज्या फुग्याने जीव वाचायचा तो फुगतच नसे.

हा स्विच ठरलेल्या मापाइतका घट्ट नाही हे ठाऊक असूनही २००२ मध्ये तो पास करण्यात आला. पास करणारा इंजिनियर स्वतःच त्या स्विचच्या कटकटींना इतका विटला होता की त्याने ई-मेलमध्ये त्याला नरकातला स्विच म्हटलं होतं. २००४-०५ मध्ये गाडी चालता चालता बंद पडते अशा तक्रारी कंपनीच्या आतूनही आल्या, बाहेरूनही आल्या. वाहनांवर लिहिणाऱ्या पत्रकारांनीही त्या छापल्या. दुरुस्तीचे पर्याय मांडले गेले आणि खर्चाच्या हिशोबात बसत नाहीत म्हणून बाजूला ठेवले गेले. पुढे २०१४ मध्ये अमेरिकन संसदेच्या सुनावणीत या सुट्या भागाची किंमत म्हणून ५७ सेंट हा आकडा गाजला. एक डॉलरही नाही.

मुळात गाडी बंद पडणं ही कंपनीच्या वर्गवारीत 'ग्राहकाची गैरसोय' होती. सुरक्षिततेचा प्रश्न म्हणून तिची नोंदच नव्हती. एकदा गैरसोय म्हटलं की पुढचं सगळं आपोआप ठरतं. घाई नाही, खर्च नाही, सरकारला कळवणं नाही. आपल्या वस्त्यांत हेच होतं. बाई मार खाते आणि चौकीवर 'नवरा-बायकोतली कुरबुर' अशी नोंद होते. तिचा छळ होतो आणि कागदावर 'जुळवून घेता आलं नाही' असं येतं. प्रकरणाला नाव काय द्यायचं हे ज्याच्या हातात, त्याचा निम्मा निकाल तिथेच लागलेला असतो.

या कंपनीला हे शास्त्र चांगलं अवगत होतं. २००८ मध्ये तिने आपल्या कर्मचाऱ्यांना लेखी अहवालात कोणते शब्द वापरू नयेत याचे धडे दिले. टाळायच्या शब्दांच्या त्या यादीत 'दोष', 'धोकादायक', 'सुरक्षितता' हे शब्द होते. 'समस्या' न म्हणता 'मुद्दा' किंवा 'बाब' म्हणा. 'सदोष' न म्हणता 'रचनेप्रमाणे काम करत नाही' म्हणा. डीलरांना पाठवलेल्या २००५ च्या सूचनापत्रातूनही गाडी बंद पडण्यासाठीचा रोजच्या वापरातला शब्द जाणूनबुजून गाळला होता. परिणामी, ग्राहकाची तक्रार ऐकून तोच शब्द धरून शोधणाऱ्या मेकॅनिकला ते पत्र सापडतच नसे.

शिक्षा कोणाला झाली?

नोव्हेंबर २००४ मध्ये टेक्सास राज्यात एका तरुणीची सॅटर्न आयन गाडी रस्ता सोडून झाडावर आदळली. शेजारी बसलेला तिचा जोडीदार गेला, ती जबर जखमी झाली. रस्त्यावर दुसरी गाडी नव्हती, ब्रेक लावल्याच्या खुणा नव्हत्या. मग दोष कोणाचा? चालवणारीचा. तिच्यावर खटला भरला गेला आणि २००७ मध्ये तिने बेपर्वाईने मृत्यूस कारण झाल्याचा गुन्हा कबूल केला. त्याच वर्षी, तिच्या कबुलीच्या काही महिने आधी, कंपनीने या अपघाताची अंतर्गत तपासणी केली होती आणि गाडीची वीज गेल्यामुळे एअरबॅग उघडली नसावी अशी नोंद केली होती. ही गोष्ट ना तिला सांगितली गेली, ना पोलिसांना. आपणच आपल्या माणसाला मारलं हे ओझं घेऊन ती दहा वर्षं जगली. नोव्हेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने तिची शिक्षा रद्द केली.

जॉर्जिया राज्यातल्या एका तरुण नर्सची गोष्ट वेगळी आहे. तिची कोबाल्ट बंद पडत होती म्हणून अपघाताच्या काही दिवस आधीच तिने ती डीलरकडे नेली होती. गाडी परत मिळाली आणि मार्च २०१० मध्ये ती अपघातात मेली. पोलिसांच्या मते पावसात वेग जास्त होता. तिच्या आईवडिलांना ते पटलं नाही. आपली मुलगी अशी गाडी हाकणारी नव्हती, असं ते म्हणत राहिले. वकिलांनी मोडकी गाडी भंगारात जाऊ दिली नाही. २०१३ मध्ये त्यांच्या इंजिनियरने त्या गाडीचा स्विच आणि बाजारातून आणलेला त्याच नंबरचा नवा स्विच शेजारी ठेवून उघडले, तर दोन्हींच्या आतल्या खिट्ट्या आणि स्प्रिंगा वेगवेगळ्या निघाल्या. कंपनीने २००६ मध्ये स्विच गुपचूप बदलून घेतला होता, पण भागाचा नंबर तोच ठेवला होता. म्हणजे नव्या गाड्या सुधारल्या, जुन्या गाड्या तशाच रस्त्यावर राहिल्या आणि दोहोंतला फरक कागदावर कुठेच उमटला नाही.

आठ वर्षं कंपनीतल्या तज्ज्ञांना जे 'सापडलं' नव्हतं, ते एका मोडक्या गाडीने आणि दोन हट्टी आईबापांनी बाहेर काढलं. फेब्रुवारी २०१४ मध्ये गाड्या परत बोलावणं सुरू झालं. आधी कोबाल्ट आणि तिच्या जोडीची एक गाडी, त्याच महिन्यात आयन आणि सोल्स्टिस, सॅटर्न स्काय या स्पोर्ट्स कार. मार्चअखेर हा आकडा २६ लाखांवर गेला. कंपनी सुरुवातीला मृत्यू १३ म्हणत होती, कारण मोजायचं कोणाला हेही तीच ठरवत होती. मागच्या सीटवर बसलेली माणसं त्यात धरलेली नव्हती. पुढे नुकसानभरपाईच्या निधीने जे दावे मान्य केले त्यांत १२४ मृत्यू आणि २७५ जखमी होते. कंपनीने सरकारला ३५ दशलक्ष डॉलर दंड भरला आणि २०१५ मध्ये फौजदारी खटला टाळण्यासाठी ९०० दशलक्ष डॉलर मोजले. कंपनीतल्या एकाही व्यक्तीवर गुन्हा दाखल झाला नाही. टेक्सासमधली ती तरुणी मात्र गुन्हेगार ठरून बसली होती.

जुनी गाडी, जुनी कंपनी

जुनी गाडी बाळगणाऱ्यापुढे आणखी एक भिंत उभी राहते. २००९ मध्ये जनरल मोटर्सने दिवाळखोरी जाहीर केली. सरकारी पैशाच्या आधाराने चांगली मालमत्ता एका नव्या कंपनीकडे गेली आणि बहुतेक जुनी देणी जुन्या कंपनीच्या सांगाड्याकडे राहिली. पॉन्टिॲक आणि सॅटर्न ही नावंच पुढे बंद झाली. म्हणजे २००७ सालची सोल्स्टिस बाळगणाऱ्या बाईने तक्रार करायची ती कोणाकडे? २०१४ नंतर लोक कोर्टात गेले तेव्हा नव्या कंपनीने सांगितलं की ती गाडी आमची नाही, आमच्या आधीच्या कंपनीची आहे. नाव तेच, कारखाने तेच, माणसं तीच, फक्त जबाबदारी तेवढी दुसऱ्याची! एप्रिल २०१५ मध्ये दिवाळखोरी न्यायालयाने हा पवित्रा बऱ्याच अंशी मान्यही केला. जुलै २०१६ मध्ये वरच्या न्यायालयाने तो फिरवला. कंपनीला दोष ठाऊक होता किंवा असायला हवा होता, तरी तिने गाडीमालकांना कळवलं नाही, मग त्यांचे हक्क असे परस्पर बुडवता येणार नाहीत, असं त्या न्यायालयाचं म्हणणं होतं.

हे सगळं दूर अमेरिकेत घडलं, आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. हीच कंपनी २००८ पासून पुण्याजवळ तळेगावच्या कारखान्यात गाड्या बनवत होती. २०१३ मध्ये तिला भारतात १ लाख १४ हजार टवेरा गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. २०१७ अखेर तिने भारतातली विक्री थांबवली, २०२० च्या डिसेंबरात तळेगावचं उत्पादनही थांबलं. कंपन्या येतात आणि जातात. त्यांच्या गाड्या मात्र दुसऱ्या-तिसऱ्या हाती आपल्याच रस्त्यांवर धावत राहतात. आणि घरात नवी गाडी आली की जुनी गाडी, जुनी स्कूटर बहुधा कोणाच्या वाट्याला येते, हे सांगायला नको.

स्टोव्ह आणि स्विच

आपल्या चळवळीला वस्तूंच्या दोषाचा एक जुना, कडू अनुभव आहे. १९८० च्या दशकात वर्तमानपत्रं उघडली की 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू' ही बातमी ठरलेली असे. तेव्हा बायकांच्या संघटनांनी एक साधा प्रश्न विचारला होता. हा स्टोव्ह नेमका सुनेच्याच अंगावर कसा भडकतो? सासूच्या, नणंदेच्या का नाही? तिथे माणसांना वाचवण्यासाठी वस्तूला दोषी धरलं जात होतं. स्विचच्या प्रकरणात बरोबर उलट झालं. वस्तूला, म्हणजे ती बनवणाऱ्या कंपनीला वाचवण्यासाठी बाईला दोषी धरलं गेलं. दोन्हीकडे समान काय? बाई मेली किंवा जबानी द्यायला उरली नाही, उरली तर तिचं कुणी खरं मानलं नाही, आणि पुरावा ज्यांच्या ताब्यात होता त्यांच्याच सोयीने दोष ठरला.

स्टोव्हच्या प्रश्नावर आपण कायदा बदलून घेतला हेही विसरू नये. दिल्लीत हुंड्यापायी मुली गमावलेल्या सत्याराणी चढ्ढा आणि शाहजहाँ आपा यांच्यासारख्या आया रस्त्यावर उतरल्या, त्यांनी १९८७ मध्ये 'शक्ती शालिनी' उभी केली. देशभरच्या संघटना लढल्या. १९८३ मध्ये लग्नानंतर सात वर्षांत होणाऱ्या संशयास्पद मृत्यूंच्या सक्तीच्या चौकशीची तरतूद झाली. १९८६ मध्ये हुंडाबळीचं कलम आलं आणि त्याबरोबर पुराव्याच्या कायद्यात एक महत्त्वाची गोष्ट आली. हुंड्यासाठी छळ झाल्याचं दिसलं, की गृहीत नवऱ्या-सासरच्यांच्या विरुद्ध जाईल आणि आपण निर्दोष आहोत हे त्यांनी दाखवायचं. यामागचा विचार सरळ होता. पुरावा चार भिंतींच्या आत आहे, भिंती त्यांच्या आहेत, मग खुलासाही त्यांनीच करावा.

हाच विचार कारखान्याच्या भिंतींनाही लागू करा, एवढंच माझं म्हणणं आहे. स्प्रिंग किती लांब होती, कोणत्या साली बदलली, किती तक्रारी आल्या, हे सगळं कंपनीच्या कपाटात असतं. गाडी चालवणारीकडे काय असतं? तिचा अनुभव आणि फार तर एक पावती. अशा वेळी 'दोष सिद्ध करून दाखवा' असं तिला म्हणणं म्हणजे कपाटाची किल्ली खिशात ठेवून तिला ते उघडायला सांगणं झालं. वस्तू बिघडली आणि इजा झाली एवढं दिसल्यावर आपल्या वस्तूत दोष नव्हता हे बनवणाऱ्याने दाखवावं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. चालवणाऱ्याची चूक कधी नसतेच का? असते. १९८० च्या दशकात अमेरिकेत आउडी ५००० ही गाडी आपोआप सुसाट सुटते असा मोठा बोभाटा झाला. १९८९ मध्ये सरकारी तपासणीत निघालं की बहुतेक वेळा चालकाचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडला होता. पण त्याच तपासणीने असंही म्हटलं की पेडलांच्या रचनेमुळे अशी चूक व्हायला मदत होऊ शकते. ब्रेक दाबल्याशिवाय गिअर पडू नये अशी सोय बसवल्यावर या घटना खूप कमी झाल्या. म्हणजे चूक माणसाची असली तरी इलाज यंत्रातच सापडला. बाई नेहमीच बरोबर असते असा दावा आपण करत नाही. तपासणी तिच्या उंचीपासून न होता वस्तूपासून सुरू व्हावी, ही आपली मागणी आहे.

वर बाई बसली म्हणून?

या प्रकरणात एक गोष्ट आपल्याला विचारात पाडणारी आहे. जानेवारी २०१४ मध्ये मेरी बारा जनरल मोटर्सच्या प्रमुख झाल्या. एवढ्या मोठ्या मोटार कंपनीची सूत्रं बाईच्या हाती येण्याची ती पहिलीच वेळ. लगेच पुढच्या महिन्यात गाड्या परत बोलावणं सुरू झालं. एप्रिलमध्ये संसदेच्या सुनावणीत त्या उत्तरं देत होत्या आणि मागे गेलेल्या मुलामुलींची छायाचित्रं हातात धरून घरची माणसं बसली होती. प्रश्न विचारणाऱ्यांत क्लेअर मॅकॅस्किल, बार्बरा बॉक्सर, डायना डीगेट या बायका आघाडीवर होत्या. पूर्वसुरींनी केलेली घाण निस्तरायला बाईला पुढे केलं, असं काहींनी म्हटलं. तेही अगदीच खोटं नाही. पण बारा त्याच कंपनीत तरुणपणापासून वाढलेल्या होत्या. चौकशी अहवालात तिथल्या एका सवयीचं वर्णन आहे. बैठकीत सगळे माना डोलावतात, बाहेर पडल्यावर कुणीच काही करत नाही. ही सवय बारा यांनीच चौकशी करणाऱ्यांना सांगितली होती. त्यांनी पंधरा जणांना काढलं, भरपाईचा निधी उभारला, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. तरीही वर बाई बसल्याने खालची माना डोलावण्याची रीत आपोआप बदलत नाही. ती बदलली बाहेरून, हट्ट न सोडणाऱ्या आईबापांमुळे आणि भंगारात न गेलेल्या एका गाडीमुळे.

आपल्याकडे काय आहे, काय नाही

आपल्याकडे १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा होता. त्याच्या जागी २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेबद्दल उत्पादकाला जबाबदार धरण्याचं स्वतंत्र प्रकरण त्यात प्रथमच आलं. बायकांच्या दृष्टीने त्यातल्या काही गोष्टी फार कामाच्या आहेत. वस्तू विकत घेणाऱ्याच्या संमतीने ती वापरणारी व्यक्तीही या कायद्यात 'ग्राहक' आहे. म्हणजे स्कूटर नवऱ्याच्या नावावर, गीझर सासऱ्यांच्या बिलावर, तरी वापरणाऱ्या बाईला स्वतः तक्रार करता येते. आपण राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते. वस्तूसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील लागतोच असं नाही. दोष ठरवायला तपासणीची गरज असेल तर आयोग ती वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो.

त्याच कायद्यात एक फटही आहे. वस्तूचा गैरवापर झाला, तिच्यात फेरफार केला, असं दाखवता आलं तर विक्रेता सुटू शकतो. 'जड जुडगं' आपल्याकडे या दारातून आत येणार, हे ध्यानात ठेवा.

गाड्या सक्तीने परत बोलावण्याची तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आली. नियम २०२१ मध्ये आले आणि ते सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरते ठेवले गेले. शिवाय कारवाईसाठी ठरावीक संख्येने गाडीमालकांच्या तक्रारी यायला हव्यात. हा नियम त्या स्पोर्ट्स कारला लावून पाहा. २००६ ची सोल्स्टिस परत बोलावली २०१४ मध्ये, २००३ ची आयनही २०१४ मध्ये. आपल्या नियमात ती बसलीच नसती. दोष लपवायला जितकी वर्षं लागली तितक्यात मुदत संपली असती. आणि तक्रारी मालकांच्या मोजायच्या म्हणजे गाडी चालवणारी, पण कागदावर मालक नसलेली बाई इथे हिशोबातच नाही. लपवलेल्या दोषाला वयाची अट नसावी आणि चालवणाऱ्याची तक्रार मालकाइतकीच मोजली जावी, या दोन मागण्या बायकांच्या संघटनांनी ग्राहक संघटनांच्या बरोबरीने लावून धरायला हव्यात.

मोटार हा पैसेवाल्यांचा प्रश्न आहे, आपल्या वस्तीतल्या बायकांना त्याचं काय, असं कार्यकर्त्या विचारतील. कोबाल्ट आणि आयन या कामावर जाणाऱ्या तरुण मुलामुलींच्या पहिल्या गाड्या होत्या. आपल्याकडे स्कूटर, मिक्सर, कुकर, गॅसची शेगडी या सगळ्यांबाबत 'तुम्हीच नीट वापरलं नाही' हे उत्तर रोज मिळतं. रीत तीच, म्हणून तिला तोंड देण्याचा सरावही एकच.

त्यासाठी गटागटांत काही गोष्टी अंगवळणी पाडता येतील. सर्व्हिस सेंटरमध्ये जॉब कार्डवर आपले शब्द लिहून घ्या. 'चालताना बंद पडते' असं सांगितलं असेल तर 'जनरल चेकअप' असं लिहू देऊ नका, लिहिलं तर सही करू नका. तारीख, किलोमीटर आणि बिघाड एका वहीत टिपा. तोंडी उत्तर मिळालं की त्याच दिवशी लेखी कळवा, प्रत ठेवा. बदललेला जुना भाग मागून घ्या, तो तुमचा आहे. अपघात झाला तर फोटो काढल्याशिवाय आणि चौकशी होईपर्यंत गाडी विमा कंपनीच्या नाहीतर भंगारवाल्याच्या हवाली करू नका. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, ती 'बघतो, करतो' मध्ये घालवू नका. आणि एकीने तक्रार केली की तेच मॉडेल वापरणाऱ्या आणखी बायका शोधा. मुली गमावलेल्या अमेरिकन आया एकमेकींना भेटल्या तेव्हाच त्यांना कळलं, की प्रत्येकीला वेगवेगळं सांगितलेलं कारण एकच होतं.

ज्या गटांकडे अशी जॉब कार्डं, पत्रं, कंपन्यांची उत्तरं असतील त्यांनी ती बैठकीत एकत्र वाचावीत. कोणत्या वस्तूबद्दल कोणता शब्द पुन्हा पुन्हा येतो, दोष कोणावर टाकला जातो, ते लिहून आमच्याकडे पाठवावं. पुढच्या अंकांत आपण ते एकत्र छापू.